दक्षिण इटलीतील चित्रित मृत्पात्रे

दक्षिण इटली व सिसिली येथील ग्रीक वसाहतींत इ. स. पू. सु. ४४० ते ३०० या काळात घडविलेली रक्ताकृती (काळ्या पार्श्वभूमीवर तांबड्या आकृतींच्या) शैलीची मृत्पात्रे. सुरुवातीला अथेन्सच्या पात्रांचे अनुकरण होते. पुढे स्थानिक चित्रकारांनी स्वतंत्र वळण घेतले. ए. डी. ट्रेंडॉल या अभ्यासकाने या पात्रांचे लुकेनिया, अपुलिया, कँपेनिया, पेस्टम आणि सिसिली असे पाच गट पाडले. त्यांत अपुलियाचा गट सर्वांत मोठा. टारंटो हे त्याचे प्रमुख केंद्र.

मोठमोठी पात्रे मुख्यतः थडग्यांत ठेवण्यासाठीच बनवीत. काहींना बूडच नसते, म्हणजे त्यांत द्रव साठविण्याचा हेतू नव्हता. मृताची आकृती लहानशा देवळीत पांढऱ्या रंगाने काढीत. पाताळलोकातील हेडीझ, पर्सेफोनी व वीणाधारी ऑर्फियस यांची दृश्ये अशा पात्रांवर शोभतातच. युरिपिडीझच्या नाटकांतील कथाही चित्रकारांना प्रिय होत्या, मात्र ही चित्रे म्हणजे रंगमंचावरील प्रयोगाची हुबेहूब नोंद नव्हे.

कानोसा येथे सापडलेल्या, नेपल्सच्या संग्रहालयातील भव्य पात्रावर पर्शियाचा राजा दरायस दरबारात बसलेला दिसतो. त्यावरून त्या पात्राच्या अनामिक चित्रकाराला ‘दरायस चित्रकार’ म्हणतात. पेस्टमच्या आस्टेआस या चित्रकाराने मात्र आपली नाममुद्रा उमटवली. मुखवटे व फुगवलेली पोटे असलेल्या विनोदी नटांची चित्रे या परंपरेचा सर्वांत खेळकर भाग होय. त्यांत देवही थट्टेतून सुटत नाहीत. उत्तरकाळात पांढऱ्या-पिवळ्या रंगांची व पानाफुलांची गर्दी वाढून रेखाटन ढिले पडले.