आनंदीबाईंची परदेशगमनाची तयारी

आज दिवाळीच्या फराळाचा एखादा डबा परदेशी गेलेल्या मुलासाठी किंवा मुलीसाठी बाजूला काढला जातो. त्यात कोणाला काही नवल वाटत नाही. परंतु ज्या काळी समुद्र ओलांडणे म्हणजे जातीतून उठणे, अशीच समजूत होती, त्या काळी एका ब्राह्मण घरातील तरुण स्त्रीने अमेरिकेस जाण्याची तयारी कशी केली असेल? डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीची कथा सर्वांना ठाऊक आहे. त्या पदवीमागच्या या तयारीचा इतिहास मात्र तितकासा सांगितला जात नाही.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी टपाल खात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. चौदाव्या वर्षी मूल झाले आणि दहा दिवसांतच गेले. वैद्यकी शिकण्याचा त्यांचा निश्चय या दुःखातून दृढ झाला.

तयारीचा पहिला प्रयत्न कोल्हापुराहून झाला. पत्नीच्या शिक्षणासाठी साहाय्य मिळावे म्हणून गोपाळरावांनी अमेरिकन मिशनरी वाइल्डर यांना पत्र लिहिले. साहाय्य मिळेल, पण ख्रिस्ती व्हावे लागेल, असा त्या उत्तराचा आशय होता. ही अट जोडप्याने मानली नाही. मात्र तो पत्रव्यवहार वाइल्डर यांच्या नियतकालिकात छापला गेला आणि १८८० मध्ये न्यू जर्सीतील रोझेल येथे राहणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणीच्या दृष्टीस पडला. कोण कुठली ती बाई! पण तिने आपण होऊन पत्र धाडले, आणि पुढे पत्रापत्रांतून मावशी-भाचीचे नाते जुळले. परक्या देशात आपले म्हणावे असे घर मिळाले, हीच खरी मोठी तयारी होय.

दरम्यान आनंदीबाईंची प्रकृती ढासळत चालली होती. डोकेदुखी, ताप, अशक्तपणा यांनी त्यांना ग्रासले होते. कार्पेंटरबाईंनी औषधेही पाठविली, पण गुण आला नाही. तरीही गोपाळरावांनी त्यांना एकटीने पाठविण्याचे ठरविले. या निर्णयात पतीची जिद्द होती तशीच हट्टाची धारही होती, हे इतिहासाने नमूद केलेच पाहिजे.

आता उरला समाज. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी कलकत्त्याजवळच्या सेरामपूर येथील कॉलेजात आनंदीबाई इंग्रजीत बोलण्यास उभ्या राहिल्या. लोक विचारीत असलेले प्रश्न त्यांनी स्वतःच मांडले. अमेरिकेसच का? येथे शिकण्याची सोय नाही काय? एकट्याच का जाता? परत आल्यावर बहिष्कार पडणार नाही काय? मुंबईत शाळेस जाताना लोकांनी हसावे, खडे मारावे, दुकानदारांनी थुंकावे, असे प्रसंग त्यांनी सांगितले. दोघांनी जावे, तर घरच्या अवलंबून असलेल्या माणसांचे काय, हेही सांगितले. बहिष्काराला त्यांचे उत्तर सरळ होते: आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊन राहू. या भाषणाची वार्ता पसरली, मदत येऊ लागली, आणि व्हाइसरॉयनीही दोनशे रुपये दिले. स्वतःच्या सोन्याच्या बांगड्याही आनंदीबाईंनी विकल्या.

अठरावे वर्ष पुरे होऊन आठवडा होतो न होतो तोच, ७ एप्रिल १८८३ रोजी, कलकत्त्याहून त्यांचे जहाज सुटले. ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. दिलेला शब्द पाळून त्या हिंदूच राहिल्या आणि स्वदेशी परतल्या. कोल्हापूरच्या इस्पितळातील स्त्री-विभागाचे काम त्यांच्यासाठी ठरले होते. पण ते हाती घेण्याआधीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचा अंत झाला. वय अवघे एकवीस. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे अमेरिकेस पाठविण्यात आली व न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली गेली.

आज परदेशी निघणाऱ्या मुलीच्या सामानाचे वजन विमानतळावर होते. आनंदीबाईंना मात्र निघण्यापूर्वी सबंध समाजापुढे आपले वजन करून द्यावे लागले. पुढे समुद्रापार शिकण्यास गेलेल्या किती तरी मुलींना या प्रश्नांची उत्तरे नव्याने द्यावी लागली नाहीत, याचे काही श्रेय सेरामपूरच्या त्या सभेकडे जाते.