गोंदाच्या गावातली मेख

गोंदिया हे नाव गोंदावरून, म्हणजे झाडाच्या डिंकावरून पडलं, असं सांगतात. जंगलातला डिंक आणि लाख इथल्या बाजारात यायची. पण याच मुलखातल्या जुन्या लाकूडकामात डिंकाला जागा नव्हती.

हे मला कळलं ते गोरेगाव तालुक्यातलं आमचं मातीचं घर पाडताना. सागाची चौकट नव्या घराला लावायची, हा आईचा हट्ट. वाढई (आमच्याकडे सुताराला हेच म्हणतात) आला. त्याने कोपऱ्यातली लाकडी मेख मागच्या बाजूने ठोकली. मेख निघाली, कुसू खाचेतून सुटलं. अर्ध्या तासात चारही कोपरे मोकळे. दाराची फळकुटं मात्र मी पंधरा वर्षांपूर्वी खिळे आणि फेविकॉलने ‘पक्की’ केली होती. ती उकलताना उभी चिरली.

लाकूड पावसाळ्यात आडवं फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. लांबीत जवळजवळ बदलत नाही. डिंक पाण्यात विरघळतो. कातडी-हाडं उकळून केलेला सरसही ओलीत हात सोडतो. आणि आमचा तर धानाचा प्रदेश. बंडी चिखलात बुडायचीच. म्हणून तिचं चाक खिळ्यावर किंवा सरसावर नव्हे, तर ताणावर उभं असे. आरे तुंब्यात ठोकायचे, परिघाचे वाकडे तुकडे त्यांवर बसवायचे, मग लोखंडी धाव लालभडक तापवून चढवायची आणि वरून पाणी ओतायचं. धाव आवळली, की सगळे सांधे एकमेकांत दाबले जात. उन्हाळ्यात चाक खिळखिळं झालं, तर ते पाण्यात ठेवायचं. चाकाला तिवस, आसाला धावडा. डिंकही धावड्याचाच, पण त्याचं काम वेगळं.

खिळे नव्हते असं नाही. लोहार ते एकेक घडवायचा; पण लोखंडावर पहिला हक्क फाळाचा आणि धावेचा. 1880च्या दशकात रेल्वे गोंदियावरून गेली, आणि पुढे कारखान्यातला माल गावोगावी पोचू लागला. तिकडे बर्मिंगहॅममध्ये नेटलफोल्ड आणि चेंबरलेन यांनी 1854 मध्ये अमेरिकन पेटंट घेऊन टोकदार स्क्रू यंत्राने काढायला सुरुवात केली होती. त्याआधीच्या बोथट स्क्रूला आधी भोक पाडावं लागे. फेविकॉल आलं 1959 मध्ये. सरसासारखं उकळत बसायची कटकट संपली.

या तिघांना मी नावं ठेवणार नाही. वाढयाचे तास वाचले, आणि गरिबाच्या घरीही कपाट आलं. फेविकॉलचा सांधा तर लाकडापेक्षा बळकट होतो. अडचण तिथेच आहे: तुटायची वेळ आली, की सांध्याऐवजी लाकूड तुटतं.

चौकट नव्या घरात बसली, सिमेंटच्या भिंतीत, लोखंडी पट्ट्या आणि स्क्रूंनी. तिचे कोपरे मात्र जुन्या मेखांवरच आहेत. एक मेख हरवली होती. वाढयाने अंगणातल्या मोडक्या आसाचा तुकडा घेतला आणि त्यातून दुसरी तासली.