पैठणीचं रेशीम कसं तयार होतं? कोषातल्या अळीचं पुढे काय होतं?

पैठणीच्या पदरावर मोर, मुनिया, कमळ, असावलीची वेल अशी नक्षी असते. पण ज्या रेशीम अळीच्या धाग्यातून ही नक्षी उभी राहते, तिच्याबद्दल साडी घेताना क्वचितच बोललं जातं.

अळी कोष का विणते?

तुती रेशीम देणाऱ्या अळीचं शास्त्रीय नाव बॉम्बिक्स मोरी. ती साधारण २५ ते २८ दिवस तुतीचा पाला खाते, चार वेळा कात टाकते आणि या काळात तिचं वजन सुमारे १० हजार पट वाढतं. त्यानंतर पतंग होण्याआधी स्वतःच्या संरक्षणासाठी ती दोन-तीन दिवसांत कोष विणते. एका कोषात साधारण एक किलोमीटर लांबीचा सलग धागा असू शकतो.

मग कोष उकळतात कशासाठी?

पतंग बाहेर पडताना कोषाला भोक पाडतो आणि धाग्याची सलगता जाते. म्हणून त्याआधीच कोषांना वाफ किंवा गरम हवा देतात. यात आतला जीव मरतो. पुढे गरम पाण्यात सेरिसिन हा चिकट थर मऊ होतो आणि अनेक कोषांचे धागे एकत्र गुंडाळले जातात. एक किलो कच्च्या रेशमासाठी साधारण ६ ते ८ किलो, म्हणजे हजारो कोष लागतात.

याला पर्याय आहे का?

हैदराबादच्या कुसुमा राजय्या यांनी 'अहिंसा रेशीम' पुढे आणलं. यात पतंग निघून गेल्यावर उरलेल्या कोषांपासून सूत कातलं जातं. हे कापड महाग पडतं आणि त्याला चमक कमी असते. मात्र हजारो वर्षं पाळीव राहिलेला हा पतंग उडू शकत नाही, काही खातही नाही. अंडी घालून काही दिवसांत तो मरतो.

महाराष्ट्रातलं चित्र काय?

जालना, बीडमधल्या अनेक शेतकऱ्यांना तुतीमुळे वर्षातून अनेकदा उत्पन्न मिळतं. त्यांच्यासाठी फुटलेला कोष म्हणजे पडलेला भाव. भंडारा, गडचिरोलीत ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसर अळ्या वाढवतात. विदर्भातली करवती साडी याच टसरची. टसरचे कोषही बहुतेकदा उकळले जातात.

खरेदी करताना काय बघायचं?

'सिल्क मार्क' हे लेबल रेशीम अस्सल असल्याची खात्री देतं. कोष उकळला होता की नाही, हे त्यावरून कळत नाही. ते विक्रेत्याला वेगळं विचारावं लागतं.