टँगो नाचणारा प्रवासी

‘पिकते तिथे विकत नाही’ ही म्हण आपल्याकडे घरोघर ऐकू येते. सातासमुद्रांपलीकडे, दक्षिण अमेरिकेतल्या अर्जेंटिना देशात, एका नृत्याच्या बाबतीत ती तंतोतंत खरी ठरली. त्या नृत्याचे नाव टँगो. आज अर्जेंटिनाचे नाव निघाले की टँगो आठवतो. परंतु शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी त्या देशातली प्रतिष्ठित मंडळी या नृत्याचे नावदेखील घरात काढू देत नसत. ज्या थोड्या प्रवाशांमुळे हे चित्र पालटले, त्यांत रिकार्दो ग्विराल्देस या तरुणाची कथा विशेष लक्षणीय आहे.

टँगोचे जन्मस्थान म्हणजे ला प्लाता नदीच्या विस्तीर्ण मुखाशी वसलेली ब्यूनोस आयरेस आणि माँतेविदेओ ही दोन बंदरे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इटली, स्पेन आणि इतर देशांतून पोटासाठी निघालेल्या माणसांनी भरलेली जहाजे तेथे येऊन लागत. १९१४ च्या शिरगणतीत ब्यूनोस आयरेसमधले जवळजवळ निम्मे लोक परदेशात जन्मलेले आढळले. एका खोलीत एक कुटुंब आणि मध्ये सर्वांचे मिळून एक अंगण, अशा चाळींतून ही माणसे राहत. आफ्रिकी गुलामांच्या वंशजांचे ढोलाचे ताल, क्यूबाहून आलेली हाबानेरा, गुराख्यांच्या मिलोंगा नावाच्या गाण्यांची चाल आणि जर्मनीतून आलेली बँडोनियन ही भात्याची पेटी, या सर्वांच्या मिश्रणातून टँगो घडला. आलेल्यांत पुरुष फार आणि स्त्रिया थोड्या. त्यामुळे पुरुष आपसांत पावलांचा सराव करीत आणि मग नाचघरांत किंवा कुंटणखान्यांत आपले कसब दाखवीत. आलिंगनात घेऊन नाचायचे आणि तेही अशा वस्तीत! सभ्य समाजाने नाक मुरडले, यात नवल नव्हते.

ग्विराल्देस या सभ्य समाजाच्या अगदी शिखरावर जन्मला होता. त्याचा जन्म १८८६ चा. सान आंतोनियो दे आरेको गावाजवळ ‘ला पोर्तेन्या’ नावाची त्याच्या घराण्याची मोठी जमीनदारी होती. त्याच्या बालपणाची पहिली काही वर्षे युरोपात गेली, त्यामुळे स्पॅनिशच्या आधी फ्रेंच आणि जर्मन हे शब्द त्याच्या तोंडी बसले. त्याचे वडील मानुएल ग्विराल्देस १९०८ ते १९१० या काळात ब्यूनोस आयरेसचे नगरप्रमुख होते. अशा पित्याच्या मुलाने मन लावून शिकला तो मात्र गावकुसाबाहेरचा नाच. कायद्याच्या आणि वास्तुशास्त्राच्या शिक्षणात त्याचे चित्त रमले नाही. घोडा, गिटार आणि टँगो यांत रमले.

१९१० साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, आदान दील या मित्रासह तो जगप्रवासाला निघाला. इटली, ग्रीस, कॉन्स्टँटिनोपल, ईजिप्त, भारत, जपान, रशिया, जर्मनी असा लांबलचक फेरा झाला. श्रीमंत घरच्या तरुणाची ती देशाटनाची हौस होती. परंतु पौर्वात्य देशांच्या, त्यांतही भारताच्या विचाराचा जो संस्कार या प्रवासात त्याच्या मनावर झाला, तो पुढे आयुष्यभर पुसला गेला नाही. फेरा संपवून तो पॅरिसला येऊन राहिला.

पॅरिसमध्ये दिवसा चित्रे, शिल्पे आणि ग्रंथ पाहावेत, लेखनाचे मनसुबे रचावेत आणि रात्री उच्चभ्रूंच्या दिवाणखान्यांत टँगो नाचून दाखवावा, असा त्याचा क्रम सुरू झाला. तो काही पोटासाठी नाचणारा नर्तक नव्हता. पण त्याच्या पावलांची कीर्ती झाली. टँगोत पावलांचा ठरीव क्रम नसतो. चालणे हाच त्याचा पाया. पुरुषाच्या छातीच्या किंचित वळण्यातून स्त्रीला पुढची दिशा कळते, आणि संगीत थबकले की दोघेही थबकतात. वॉल्ट्झच्या गिरक्यांना सरावलेल्या पॅरिसला ही थबक नवी होती. ब्यूनोस आयरेसच्या ज्या घरांतून या नाचाला हाकलले असते, तशाच घरांचे दरवाजे पॅरिसमध्ये त्याला उघडले गेले. १९११ साली ग्विराल्देसने टँगोवर एक कविताही लिहिली.

१९१३ साल उजाडले आणि पॅरिसला टँगोचे वेडच लागले. तिसऱ्या प्रहरी चहाबरोबर टँगो नाचण्याच्या बैठका भरू लागल्या आणि ते लोण लंडनपर्यंत पोहोचले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात झाँ रिशपँ या कवीने फ्रान्सच्या विद्वत्संस्थांच्या वार्षिक सभेत टँगोवरच व्याख्यान दिले. विरोधही तितकाच जोरदार झाला. जर्मनीचा सम्राट दुसरा विल्हेल्म याने गणवेशातील अधिकाऱ्यांना हा नाच नाचण्यास मनाई केली. पॅरिसचे धर्मप्रमुख कार्डिनल आमेत यांनी जानेवारी १९१४ मध्ये त्याचा निषेध केला.

सर्वांत गमतीचा विरोध मात्र अर्जेंटिनाच्याच माणसांचा होता. पॅरिसमधले त्या देशाचे वकील एन्रिके लारेता हे स्वतः नामांकित कादंबरीकार. टँगो हा आमच्या देशातल्या हलक्या वस्तीतला नाच आहे, सभ्य घरांत तो कोणी नाचत नाही, हे युरोपला पटवून देण्याची त्यांची खटपट चाले. कवी लिओपोल्दो लुगोनेस यांनी तर ब्यूनोस आयरेसमधील व्याख्यानांत टँगोला कुंटणखान्याची निपज ठरवून राष्ट्रीय परंपरेतून हद्दपार केले. ज्यांच्या मातीतून हे रोप उगवले, त्यांना ते आपले म्हणण्याची लाज वाटत होती.

पण पॅरिसची मोहोर उमटली आणि मते पालटू लागली. पॅरिसहून येणारा पोशाख जसा मान्य, तसा पॅरिसहून परतलेला टँगोही ब्यूनोस आयरेसच्या दिवाणखान्यांत हळूहळू मान्य झाला. यात आनंद मानावा की खेद, हा प्रश्न उरतोच. स्वतःच्या वस्तूची किंमत कळण्यासाठी परक्याच्या तराजूची गरज पडावी, ही कोणत्याही समाजाला शोभणारी गोष्ट नव्हे. शिवाय त्या तराजूत सगळेच तोलले गेले नाही. परतलेला टँगो सोज्वळ आणि मवाळ झाला होता. ज्या चाळींनी आणि ज्या काळ्या ढोलकऱ्यांनी तो घडवला, त्यांच्याकडे बराच काळ कोणी वळून पाहिले नाही.

ग्विराल्देसच्या वाट्यालाही हाच अनुभव आला. १९१५ साली त्याने ‘काचेची घंटा’ अशा अर्थाच्या नावाचा कवितासंग्रह प्रसिद्ध केला. टँगोवरची कविता त्यातच होती. टीकाकारांनी संग्रहाची टर उडवली. संतापलेल्या कवीने उरलेल्या प्रती परत मागवल्या आणि आपल्या जमीनदारीतल्या विहिरीत फेकून दिल्या. पत्नी आदेलिना देल कारिल हिने त्यांतल्या काही वाचवल्या. १९१७ साली आलेल्या ‘राउचो’ या कादंबरीत पॅरिसच्या चैनीत बुडून अखेर आपल्या मातीकडे परतणारा तरुण त्याने रंगवला. १९२६ साली ‘दोन सेगुंदो सोंब्रा’ ही पांपाच्या मैदानांतल्या गुराख्यांची कादंबरी आली, तेव्हा कुठे त्याच्या देशाने त्याला डोक्यावर घेतले. तिची मुक्तकंठाने स्तुती केली ती टँगोला हद्दपार करणाऱ्या लुगोनेस यांनीच.

आता या प्रवासाची दिशा उलटली आहे. २००९ साली युनेस्कोने अर्जेंटिना आणि उरुग्वे या दोन्ही देशांचा मिळून असलेला मानवी वारसा म्हणून टँगोला मान्यता दिली. २००३ पासून ब्यूनोस आयरेसमध्ये टँगोची जागतिक स्पर्धा भरते आणि देशोदेशींचे नर्तक तेथे जातात. दिवसा ते ला बोका बंदराची रंगीत घरे पाहतात. चाकारिता स्मशानभूमीत गायक कार्लोस गार्देलच्या पुतळ्यासमोर उभे राहतात, जेथे चाहते पुतळ्याच्या बोटांत पेटती सिगारेट ठेवून जातात. रात्री मिलोंगा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नाचाच्या मैफलींत ते दाखल होतात. तेथे नाचाचे आमंत्रण शब्दाने नव्हे, तर नजरेने आणि मानेच्या हलक्या हालचालीने दिले जाते. नकार द्यायचा तर नजर वळवली की पुरे, कोणाचा पाणउतारा होत नाही. हलक्या म्हटल्या गेलेल्या लोकांनी घडवलेल्या नाचातली ही सभ्यता आज जग शिकत आहे.

कादंबरीला यश मिळाले तेव्हा ग्विराल्देस दुर्धर रोगाने ग्रासला होता. १९२७ साली तो पुन्हा युरोपला निघाला. या वेळी त्याच्या मनात नाचाच्या मैफली नव्हत्या. फ्रान्समार्गे भारतात यावे, ही ओढ होती. ८ ऑक्टोबर १९२७ रोजी, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, पॅरिसमध्येच त्याचे निधन झाले. देह मायदेशी नेऊन सान आंतोनियो दे आरेको येथे पुरण्यात आला. त्याचा अपुरा राहिलेला प्रवास पुढे आदेलिनाने पूर्ण केला. ती भारतात आली आणि अनेक वर्षे येथे राहिली. विहिरीतून पतीची पुस्तके वाचवणारी हीच ती स्त्री.