अक्षरावर की अक्षरांच्या मधे?

पोथी नकलून घेताना एखादा शब्द सुटला, तर नकलकार तो ओळीत कोंबत नसे. सुटलेल्या जागी कावळ्याच्या पायासारखी बारीक खूण करी आणि शब्द समासात लिही. त्या खुणेला काकपद म्हणत, हंसपदही म्हणत. युरोपात मुद्रितशोधकांची अशीच खूण आहे, तिचे नाव कॅरेट. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘उणे आहे’. आज संगणकाच्या पडद्यावर लुकलुकणाऱ्या उभ्या रेघेला विंडोजचे प्रोग्रामर कॅरेटच म्हणतात.

आपण मात्र तिला कर्सर म्हणतो आणि या शब्दाचे कूळ वेगळे आहे. लॅटिनमध्ये कर्सर म्हणजे धावणारा, निरोप्या. संगणकाच्या आधी हा शब्द स्लाइड रूलवर होता: पट्टीवर मागेपुढे सरकणारी पारदर्शक काच आणि तिच्यावरची केसाएवढी रेघ. फ्रेंच तोफखान्यातला अधिकारी अमेदे मानहाइम याने 19व्या शतकाच्या मध्यावर असा सरकता कर्सर रूढ केला. पडद्यावरची खूणही तशीच सरकणारी, म्हणून तेच नाव तिला मिळाले.

एडिटरच्या सेटिंगमध्ये जाऊन कर्सरचा चौकोन करणे, रेघ जाड करणे, तिला केशरी रंग देणे ही पुष्कळांना नुसती हौस वाटते. मला तसे वाटत नाही. पुढचे अक्षर नेमके कुठे पडणार, या प्रश्नाचे उत्तर कर्सरच्या आकारात असते.

पहिल्या पडद्यांवर हे उत्तर एकच होते. टर्मिनल म्हणजे घरांची जाळी, बहुधा 80 स्तंभ आणि 24 ओळी, आणि प्रत्येक घरात एक अक्षर. कर्सर घरावर बसे, दोन घरांच्या मधे त्याला जागाच नव्हती. पण घरावर बसलेली खूण खालचे अक्षर झाकते. लुकलुकण्याने ती अडचण सुटते: खूणही नजरेत भरते आणि अक्षरही वाचता येते. लुकलुकत्या कर्सरचे पेटंट स्पेरी रँड कंपनीच्या चार्ल्स किस्लिंग यांच्या नावावर आहे, अर्ज 1967चा आणि मंजुरी 1970ची. 1978च्या व्हीटी100 टर्मिनलवर चौकोन हवा की खालची आडवी रेघ, हे वापरणाऱ्याला ठरवता येई. 1981च्या आयबीएम पीसीवर आकार आणखी मोकळा झाला. रंगीत कार्डावर अक्षराचे घर आठ रेघांचे असे आणि कर्सर तळाच्या दोन रेघा उजळी. व्हिडिओ चिपमधले पहिल्या आणि शेवटच्या रेघेचे आकडे बदलले की कर्सर हवा तितका उंच होई. एमएस-डॉसच्या एडिट प्रोग्राममध्ये याचा फार चांगला उपयोग केला होता. अक्षर घुसवायचे असेल तर बारीक रेघ. असलेल्या अक्षरावर नवे चढवायचे असेल तर पूर्ण चौकोन.

अक्षरांच्या मधली जागा पडद्यावर रुजली ती कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात. लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी 1975च्या सुमारास जिन अँड कंपनी या पाठ्यपुस्तकांच्या प्रकाशनासाठी जिप्सी हा एडिटर केला. तिथले संपादक कागदावर पेन्सिलीने काम करणारे होते. त्यांना दोन अक्षरांच्या मधे खूण करून मजकूर घुसवायची सवय होती, आणि जिप्सीत तसेच करता येत होते. म्हणून मला आजची उभी रेघ काकपदाच्या गोत्रातली वाटते.

तरी चौकोन गेला नाही, आणि तो जाऊ नये. बिल जॉय यांचा 1976चा व्हीआय आणि त्याचा वारस, ब्रॅम मूलेनार यांचा 1991चा विम, या एडिटरांत तीच कळ एका अवस्थेत आज्ञा असते आणि दुसऱ्या अवस्थेत अक्षर. अवस्था ओळखू आली नाही तर मजकुराची वाट लागते. विमच्या खिडकीच्या आवृत्तीत म्हणूनच आज्ञेच्या वेळी कर्सर चौकोन असतो, लिहिताना घराच्या चौथाई रुंदीची उभी रेघ, आणि अक्षर बदलताना तळाची आडवी रेघ. रंगाचीही तिथे एक सोय आहे जी मराठी टंकणाऱ्याला मोलाची वाटेल: दुसऱ्या भाषेचे इनपुट चालू असताना कर्सरला वेगळा रंग देता येतो. मराठी-इंग्रजी आलटून पालटून लिहिताना अर्धी ओळ चुकीच्या लिपीत उमटणे मी पुष्कळदा भोगले आहे. रंग बदलला की ती चूक पहिल्या अक्षराआधीच कळते.

देवनागरीने मात्र घरांची जाळी कधी मानली नाही. ‘क्षि’ आपल्याला एक अक्षर, युनिकोडला चार खुणा: क, हलन्त, ष आणि वेलांटी. वेलांटी दिसते आधी, साठवली जाते शेवटी. मग चौकोन बसवायचा कशावर? उभी रेघ अख्ख्या अक्षरानंतर उभी राहते, पण बॅकस्पेस दाबला की बहुतेक ठिकाणी आधी नुसती वेलांटीच जाते. असे जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम युनिकोडच्या अक्षरविभागणीत आला तो 2023मध्ये, 15.1 आवृत्तीत. टर्मिनलमध्ये आजही चौकोन कितीदा अर्ध्या अक्षरावर बसलेला दिसतो.

नजर कमी झालेल्यांची गरज याहून साधी आहे: खूण सापडली पाहिजे. विंडोज 10च्या मे 2020च्या आवृत्तीत रेघेच्या वर-खाली रंगीत ठिपके लावण्याची सोय आली. रेघेची जाडीही तिथेच वाढवता येते. घरात कोणी वडीलधारे संगणकावर लिहीत असतील, तर आज त्यांच्याशेजारी बसा आणि त्यांच्या डोळ्यांना दिसेल एवढी ती रेघ जाड करून द्या.