क्षयाची कथा आणि गडकऱ्यांचें लेखन

राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजीं नागपुराजवळ सावनेर येथें क्षयानें वारले. वय अवघें ३३ वर्षांचें. अकालीं गेलेल्या प्रतिभावंताभोंवतीं दंतकथा जमावयास वेळ लागत नाहीं, आणि त्यांतही रोग क्षयाचा असला म्हणजे मग विचारावयासच नको. ज्वरानें कल्पना प्रज्वलित होते, मृत्यूच्या छायेंत वाणीला धार चढते, हा समज युरोपांतून आपल्याकडे आला आणि येथें सुखानें नांदूं लागला. आमच्या मतें हा समज रोग्यावर अन्याय करणारा आहे.

प्रथम ही गोष्ट लक्षांत घ्यावी कीं, गडकऱ्यांची साहित्यसाधना आजारापूर्वींही सुखाची नव्हती. जन्म १८८५ सालीं नवसारीचा. प्रारंभींचें बाळपण गुजरातेंत गेलें. लहानपणींच पितृछत्र हरपलें, शिक्षणांत खंड पडत गेले, आणि फर्ग्युसन महाविद्यालयांत गेल्यावर गणितानें वाट अडविली. पुढें किर्लोस्कर नाटक मंडळींत नोकरी पतकरून त्यांनीं रंगभूमि जवळून पाहिली. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांना त्यांनीं गुरु मानलें. पदवी नसलेल्या या माणसाचें खरें विद्यापीठ तें हेंच.

आतां दंतकथेची कसोटी पाहूं. ‘एकच प्याला’ मधील सुधाकर-सिंधूचा करुण शेवट वाचून कित्येकांना त्यांत लेखकाचा रोग दिसतो. परंतु ‘प्रेमसंन्यास’ हेंही शोकपर्यवसायीच नाटक आहे, आणि तें १९१२ चें, म्हणजे आजार बळावण्याच्या कितीतरी आधींचें. उलट ‘भावबंधन’ त्यांनीं अखेरच्या आजारांत पुरें केलें, आणि त्याचा शेवट गोड आहे! त्यांतील विनोदही कोठें खोकत नाहीं. रोगाच्या तापमानावरून नाटकाचा रस ठरतो असें मानणाऱ्यांनीं याचें उत्तर द्यावें.

रोगानें दिलें काय, यापेक्षां नेलें काय, हें पाहणें अधिक उचित. ‘एकच प्याला’ चीं पदें आजारी गडकऱ्यांच्या हातून झालीं नाहींत. तीं विठ्ठल सीताराम गुर्जर यांनीं रचिलीं. बालगंधर्वांच्या सिंधूच्या मुखांतून जीं पदें ऐकून प्रेक्षकांनीं डोळे पुसले, तीं दुसऱ्याच्या लेखणीचीं आहेत, हें आजही पुष्कळांना ठाऊक नसतें. गुर्जरांच्या वांट्याला त्यामुळें जें अपश्रेय आलें, तेंही या रोगाच्याच खात्यावर मांडावयास हवें. संभाजीवरील ‘राजसंन्यास’ तर अपुरेंच राहिलें. त्याचे जे प्रवेश आहेत त्यांतील भाषेचा डौल पाहिला म्हणजे खंत दुणावते.

क्षयाचा जंतु कॉख यांनीं १८८२ मध्येंच ओळखला होता; पण त्यावर चालणारें पहिलें प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, हातीं आलें तें १९४३ मध्यें. मधल्या काळांत रोगाचें नांव कळत होतें, उपाय नव्हता. विश्रांति, हवा, दूध, अंडीं, आणि वाट पाहणें, एवढीच चिकित्सा. गडकरी त्या साठ-एकसष्ट वर्षांच्या पोकळींत सांपडले, आणि विश्रांतीऐवजीं ते लिहीत राहिले.

‘एकच प्याला’ चा पहिला प्रयोग गंधर्व नाटक मंडळीनें बडोद्यास केला, तो २० फेब्रुवारी १९१९ रोजीं. नाटककारास जाऊन तेव्हां २८ दिवस झाले होते.