डांबर व अस्फाल्ट : एका नामसंकराचा वृत्तान्त

जुन्या दप्तरांच्या पेट्यांत कसर शिरूं नये म्हणून नॅफ्थलीनच्या ज्या पांढऱ्या गोळ्या आपण टाकतों, त्यांस डांबराच्या गोळ्या म्हणतात. पेटी बंद करून बाहेर पडावें तों पायाखालची काळी सडकहि डांबरी. आणि गलबतांच्या फटी बुजविण्याच्या जुन्या हिशेबांत डांबर आलें, तर तेंही हेंच, असें वाचणारा सहज गृहीत धरतो. वस्तुतः हीं द्रव्यें तीन निरनिराळ्या कुळांतील आहेत. पहिलें दगडी कोळशाचें, दुसरें खनिज तेलाचें, तिसरें झाडाच्या राळेचें. हा घोटाळा कोशकारांनींच निस्तरावा, आपणांस त्याचें काय, असें आम्हांस पूर्वीं वाटत असे. परंतु अमेरिकेंतील दुकानांपुढच्या वाहनतळांच्या फरसबंदीची हकीकत वाचल्यावर आमचें तें मत राहिलें नाहीं.

प्रथम शब्दाविषयीं. १८८६ सालच्या हॉब्सन-जॉब्सन कोशांत 'डॅमर' या शब्दाखालीं हिंदुस्थानच्या निरनिराळ्या भागांत डांबराऐवजीं योजिल्या जाणाऱ्या राळांचा निर्देश आहे. मलाय भाषेंतहि 'दामर' म्हणजे झाडाची राळच. आमचा शब्द याच कुळांतला असावा असें आम्हांस वाटतें. म्हणजे नांव आधीं झाडाच्या चिकाचें, आणि खनिज द्रव्यें मागाहून त्यांत शिरलीं. दर्यावर्दी लोकांस मात्र हा भेद कळत होता. सर वॉल्टर रॅले १५९५ सालीं त्रिनिदाद बेटावरील काळ्या सरोवराशीं गेला व तेथील द्रव्यानें त्यानें आपलीं जहाजें सांधलीं. नॉर्वेकडील डांबर उन्हानें पाघळतें तसें हें पाघळत नाहीं, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. नॉर्वेचें तें पाइन वृक्षाचें, हें खनिज. आमच्या मतें या विषयांतील हें फार मोलाचें साक्षीवचन होय.

खनिज अस्फाल्टाची फरसबंदी पुरातन खरी, पण तीविषयींहि एक गैरसमज आहे. कोल्डेवे याच्या बाबिलोन येथील उत्खननांत (१८९९-१९१७) जो मिरवणुकीचा राजमार्ग उघडा झाला, त्यांत अस्फाल्ट पृष्ठभागीं नाहीं, तर तळाच्या विटांच्या सांध्यांत आहे. वर चुनखडीच्या शिळा. त्या शिळांच्या कडांवर नेबुखद्नेझरचे लेख आहेत, आणि कांहीं शिळांच्या खालच्या अंगास सेनाखेरीब राजाचें नांव कोरलेलें निघालें! ज्यानें ख्रिस्तपूर्व ६८९ त बाबिलोन उध्वस्त केलें, त्याच्याच शिळा उलथ्या घालून हा मार्ग झाला. लेखाची पाठ पाहिल्यावांचून पोट खरें मानूं नये, हें आपल्या मंडळींस सांगणें नकोच.

अस्फाल्ट रस्त्याच्या पृष्ठभागीं आला तो एकोणिसाव्या शतकांत. स्वित्झर्लंडमधील व्हाल-द-त्राव्हेर या खोऱ्यांत अस्फाल्ट मुरलेला चुनखडीचा दगड १९८६ पर्यंत निघत असे. असल्या दगडाची भुकटी तापवून व ठोकून १८५४ त पॅरिस येथें व १८६९ त लंडनच्या थ्रेडनीडल स्ट्रीटवर सडक केली गेली. डी स्मेट नामक बेल्जियन रसायनज्ञानें १८७० त अमेरिकेंत न्यूअर्क येथें वाळू व अस्फाल्ट यांचें मिश्रण पसरून दाखविलें. परंतु त्याच सुमारास वॉशिंग्टन शहरीं कोलतारच्या, म्हणजे कोळशाच्या डांबराच्या, सडका झपाट्यानें घालण्यांत आल्या. रंग काळा, वास उग्र, भाव स्वस्त. दिसावयास दोन्ही एकच. कोलतार उन्हांत मऊ पडतें, थंडींत ठिसूळ होतें व त्यांतील तेलें उडून गेल्यावर भेगाळतें. त्या सडका थोडक्याच वर्षांत उखडल्या. पुढें १८७६-७७ त पेनसिल्व्हानिया अव्हेन्यूवर एका भागांत खाणीच्या दगडाचा व दुसऱ्यांत त्रिनिदादचा अस्फाल्ट घालून परीक्षा पाहिली गेली, आणि अस्फाल्टाची प्रतिष्ठा तेथें कायम झाली.

कोलतार मात्र हद्दपार झालें नाहीं. तें वाहनतळावर जाऊन राहिलें. वाहनतळ बांधण्याची रीत अशी : जमिनीस पाणी वाहून जाईल इतका उतार द्यावयाचा, खडीचा थर दाबून बसवावयाचा, मग सुमारें दीडशें अंश सेल्सियस तापलेलें खडी, वाळू व अस्फाल्ट यांचें मिश्रण पसरून रुळानें चोपावयाचें. या मिश्रणांत अस्फाल्ट वजनानें शेंकडा पांचच्या आसपास. भार सोसते ती खडी, आणि पाणी तुंबलें कीं दोन्ही फुकट. येथवर सडकेहून निराळें फारसें कांहीं नाहीं. पण सडकेवर गाडी धांवते, तळावर ती उभी असते व ठिबकते. अस्फाल्ट तेलाचाच वंशज, म्हणून पेट्रोल-तेलांत विरघळतो. कोलतारावर त्यांचा तसा अंमल चालत नाहीं. यास्तव अमेरिकेच्या मध्य व पूर्व भागांत दर कांहीं वर्षांनीं तळावर कोलतारयुक्त काळें रोगण फांसण्याचा प्रघात पडला. दुकानदारास नवा दिसणारा तळ मिळे. रोगणांत काय आहे हें त्यानें कशास विचारावें?

वास्तविक १९१५ सालींच यामागिवा व इचिकावा या जपानी शास्त्रज्ञांनीं सशांच्या कानांस कोलतार वारंवार चोळून अर्बुदरोग उत्पन्न करून दाखविला होता. तरी तळावरच्या रोगणाकडे कोणाचें लक्ष गेलें नाहीं. टेक्सासमधील ऑस्टिन नगराच्या अधिकाऱ्यांस ओढ्यांच्या गाळांत अर्बुदकारक द्रव्यें वाजवीहून फार अधिक आढळलीं. माग काढीत ते वर गेले, तो वाहनतळांपाशीं थांबला. चाकांखालीं झिजलेली रोगणाची धूळ पावसाबरोबर ओढ्यांत उतरत होती. अमेरिकन सरकारच्या भूगर्भ खात्याच्या संशोधकांसह केलेलें हें संशोधन २००५ त प्रसिद्ध झालें. कोलतारी रोगणांतील हीं द्रव्यें अस्फाल्टी रोगणाच्या सुमारें हजारपट ठरलीं. दोन्ही डबे काळे, आणि आपल्या भाषेंत दोन्ही डांबराचेच! ऑस्टिननें १ जानेवारी २००६ पासून कोलतारी रोगण बंद केलें. २००९ त तोच निर्बंध वॉशिंग्टन शहरानें घातला. १८७० नंतरच्या दशकांत ज्या शहरानें हें द्रव्य सडकेवरून उखडून काढलें होतें, त्यास तें वाहनतळावरून दुसऱ्यांदा काढावें लागलें. खालचा अस्फाल्ट होता तेथेंच राहिला.